भीमेत सोडलेले दगड

चांगदेव ओहोळ हा सरळ माणूस. इतका सरळ की रेल्वेचा रूळसुद्धा कुठं ना कुठं वळण घेतो, चांगदेवला तेही जमलं नाही. दौंडच्या सेक्शनवर तो की-मन होता. खांद्यावर हातोडा टाकायचा, आपल्या वाट्याची लाइन रोज पायी तुडवायची आणि रुळाला स्लीपरशी धरून ठेवणारी चावी कुठं सैल दिसली की ठोकून बसवायची, हे त्याचं काम. उन्हाळ्यात खडी तव्यासारखी तापायची, तरी त्यानं लाइन कधी अर्ध्यात सोडली नाही. गँगमधली पोरं चेष्टेनं म्हणायची, "मामा, तुम्ही लग्नाच्या दिवशीबी चाव्या ठोकल्या असतील." चांगदेव हसायचा नाही. "न्हाई," म्हणायचा, "तवा रजा टाकली व्हती."

निवृत्त झाल्यावर त्यानं रेल्वे कॉलनीच्या मागं दोन खोल्या बांधल्या. घरात बायको आक्काबाई. थोरला महेंद्र कुरकुंभला एका केमिकल कंपनीत शिफ्टवर. धाकटी गौतमी. गौतमी आता नाही. ही गोष्ट तिच्या मागं उरलेल्या दगडांची आहे, आणि ज्या बापानं ते घालवले त्या बापाची.

गौतमी लहान असताना लाइनीकडेला खेळायची आणि फ्रॉकच्या ओच्यात खडी भरून आणायची. एकदा तिनं विचारलं, "पप्पा, ही खडी कुठनं येती?"

"खाणीतनं."

"आन् खाणीत कुठनं आली?"

चांगदेवनं उभा जन्म खडीवर काढला, पण हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. "ते तू शीक आन् मला सांग," तो म्हणाला, आणि विसरूनही गेला. बोलाफुलाला गाठ पडली. पोरगी खरंच तेच शिकली. पुण्याला भूशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाली, पुढं पीएच.डी.ला लागली. गल्लीत कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर आक्काबाई सांगायची, "दगडं फोडती." समोरची बाई हळहळायची. मग आक्काबाई ऐटीत सांगायची, "पुण्याच्या युनिवर्सिटीत."

दगडाचं आणि या घराचं एक जुनं प्रकरण होतं, तेही इथंच सांगायला हवं. चांगदेवचा बाप म्हाळू, तोही गँगमनच. समाजानं धम्म घेतला त्यानंतर काही वर्षांनी, चांगदेव नुकता शाळेत जायला लागला असताना, म्हाळूनं एका सकाळी देव्हाऱ्यातले शेंदूर माखलेले दगड पाटीत भरले, पोराचं बोट धरलं आणि भीमेवरच्या रेल्वे पुलाखाली गेला. एकेक दगड त्यानं पाण्यात सोडला. फेकला नाही, सोडला. पिढ्यान्‌पिढ्या घरात मुक्काम केलेल्या पाहुण्याला निरोप द्यावा तसा. पाटी रिकामी झाल्यावर म्हणाला, "चल. मागं वळून बघायचं न्हाई." चांगदेवनं बघितलं नाही. तेव्हापासून ओहोळांच्या घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो यांच्याखेरीज कशापुढंही फूल ठेवलं गेलं नाही. बापाकडून चांगदेवला ना जमीन मिळाली ना घर. एवढी एकच इस्टेट मिळाली, आणि ती त्यानं डोळ्यांत तेल घालून जपली.

त्यामुळं लेक पहिल्यांदा पाठीवरच्या सॅकमधून दगड घेऊन आली तेव्हा तो मनापासून हसला. "दगडं घरातनं काढायला तुझ्या आज्याचं आयुष्य गेलं," म्हणाला, "आन् तू परत आणलीस व्हय?"

"पुजायला न्हाई आणली, पप्पा," गौतमी म्हणाली. "फोडायला आणलीत."

हे उत्तर त्याला इतकं आवडलं की पुढं महिनाभर भेटेल त्याला तो ते ऐकवत होता.

गौतमीचं काम तसं सांगायला सोपं होतं. आपला सगळा मुलूख म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर, एकावर एक. तिनं ते आईला भाकरी करताना समजावलं होतं. "दुरडीत भाकरी रचत्यात ना, तसं. दौंड खालच्या भाकरीवर बसलंय. मला सगळ्यात वरची पायजे. ती फक्त उंच उंच डोंगरांच्या टोकावर उरलीय, बाकी पावसानं खाल्ली. कळसूबाईची वरची भाकरी आन् बागलाणातल्या डोंगराची वरची भाकरी एकाच पिठाची हाय का, तेवढं बघायचंय." म्हणून ती शिखरं चढायची. टोकावरून, मग त्याच्या खालून, मग आणखी खालून, असे हातोड्यानं दगड काढायची, आणि प्रत्येक दगड वेगळ्या पिशवीत घालून पिशवीवर जागा आणि उंची लिहायची. कुठला दगड किती उंचीवरचा, हे कळलं नाही तर तो दगड नुसता दगड. त्या पिशव्या आक्काबाई शिवायची, चांगदेवच्या जुन्या युनिफॉर्मच्या शर्टांच्या. कापड टिकाऊ, शिवाय घरचं. पायाखाली दगड तुडवून बापानं विरवलेले शर्ट आता दगड घेऊन डोंगर उतरत होते.

एकदा तिनं बापाला डेमू गाडीत बसवून पुण्याला नेलं होतं. त्याच्याच लाइनीवरची एक खडी तिनं कापून, घासून काचेवर कागदाहून पातळ केली होती. ती मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि म्हणाली, बघा. चांगदेवनं डोळा लावला. आत निळं होतं, पिवळं होतं, पांढऱ्या काड्या एकमेकींत गुंतल्या होत्या. तो बराच वेळ वर बघेना.

"जन्मभर लोकं काळा दगड म्हणत्यात त्याला," गौतमी म्हणाली. "काळा कुठं हाय, पप्पा?"

परत आल्यावर दौंडला लाइन ओलांडताना खाली खडीकडं बघून त्यानं पाय जरा जपून टाकला.

डोंगरावर गौतमीबरोबर बहुतेक वेळा सायली असायची. तिच्याच बरोबरीची, तिच्याच सरांकडं शिकणारी, शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या बागायतदाराची मुलगी. दोघींची ओळख कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांत झाली, शिबिराला आलेल्या असताना. तिथं एक जण पाय घसरून खळग्यात पडली आणि दुसरीनं आधी हसून मग हात दिला. कोण पडलं आणि कोण हसलं, यावर त्यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. शेवटचं शिखर राहिलं होतं, बागलाणातलं. त्या वेळी सायलीची आजी सरूबाई न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडून बसली आणि सायलीला घर सोडता येईना. गौतमी म्हणाली, मी वाटाड्या घेऊन जाऊन येते, एकच तर राहिलंय.

भाद्रपदाचे दिवस होते. वर टोकावर पावसानं गाठलं, त्यानं दौंडपर्यंत पाठ सोडली नाही. घरी आली ती निथळतच. सॅकमधल्या पिशव्या ओल्या, दगड ओले. आक्काबाईनं टॉवेल दिला तर त्या टॉवेलनं तिनं आधी दगड पुसायला घेतले.

"नंबर टाकायचा राहिला दगडांवर," ती म्हणाली. "ओल्या दगडाला मार्कर धरत न्हाई. वाळू दे, आई. मग टाकते."

दुसऱ्या दिवशी ताप आला. भिजली म्हणून आला, असं सगळे म्हणाले. डेंग्यू होता. दौंडच्या दवाखान्यातून पुण्याला हलवलं, पेशी उतरत गेल्या त्या थांबल्याच नाहीत. डॉक्टरांनी शर्थ केली. दोन वेळा चांगदेवनं रक्तपेढीबाहेर रांग लावली, तिसऱ्यांदा रांगेत असताना महेंद्रचा फोन आला. "पप्पा, वर या," एवढंच तो म्हणाला, आणि चांगदेवला कळलं. तरी हातातली चिठ्ठी त्यानं खिडकीत दिली आणि रक्ताची पिशवी घेऊनच वर गेला. जिच्यासाठी ती आणली ती पोरगी तोवर गार पडायला लागली होती.

जलदान विधी झाला. पाहुणे आले, गेले. आक्काबाई रडली, महेंद्र भिंतीला डोकं टेकून रडला. चांगदेवला रडता आलं नाही.

आक्काबाईनं मात्र लेकीचा शब्द धरून ठेवला. वाळू दे म्हणाली होती ना. तिनं पिशव्यांतून दगड काढले आणि खिडकीच्या कट्ट्यावर ऊन येतं तिथं ओळीनं मांडले. प्रत्येक दगड त्याच्या त्याच्या पिशवीवर, फेरफार नाही. दगड वाळले. नंबर टाकणारी आली नाही. आक्काबाई रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ पुसायची, आणि परत होते तिथं ठेवायची. चांगदेव ते बघायचा. त्याला ते आवडत होतं असं नाही, पण बोलायचा नाही.

दसरा आला. धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. चांगदेव पांढरा शर्ट घालून विहारात वंदनेला गेला. सगळ्यांबरोबर हात जोडून त्यानं प्रतिज्ञा म्हटल्या, त्या म्हणताना बाप आठवला, पूल आठवला. घरी परतला तर दारात शेजारची ज्ञानेश्वरी उभी. विरजण मागायला आली होती. कट्ट्यावर ओळीनं मांडलेले दगड, त्यातल्या पहिल्यावर झेंडूचं एक फूल. बिचारीला काय ठाऊक. तिनं पदर सावरला, दगडाला हात लावून कपाळाला लावला आणि विचारलं, "कुठला देव म्हणायचा हा, काकू?"

रागाला डोळे नसतात म्हणतात. दुःखातून आलेल्या रागाला कानही नसतात. ज्ञानेश्वरी गेल्याबरोबर चांगदेव बायकोवर तुटून पडला. "आज? आजच्या दिवशी? माझ्या बापानं भीमेत सोडलं ते तू खिडकीत आणून बसवलंस?"

"देव म्हणून न्हाई ठेवलं वो," आक्काबाई सांगत होती. "ती डोंगरावनं येताना माझ्यासाठी फूल आणायची. आता कुणी आणंना, म्हणून मीच..."

चांगदेवनं ऐकलं नाही. त्यानं घमेलं आणलं आणि सगळे दगड त्यात घातले. पिशव्यांवर लेकीचं अक्षर होतं, त्यांना मात्र हात लावताना तो थांबला. एकेक पिशवी झटकली, घडी घातली आणि पेटीत तिच्या कपड्यांवर ठेवली. अक्षर ते तिचं, ते राहू दे. दगड तर दगडच, असा हिशेब त्याच्या डोक्यात त्या घटकेला बसला. सायकलच्या कॅरिअरवर घमेलं बांधून तो पुलाखाली गेला. जिथं म्हाळू उभा होता तिथंच उभा राहिला. पाणी अजून भरपूर होतं. एकेक दगड सोडला. आणि मागं वळून न बघता घरी आला.

त्या दिवसापासून आक्काबाई त्याच्याशी कामापुरतं बोलायला लागली. जेवा म्हणायची, गोळी घेतली का म्हणायची. त्यापलीकडं नाही. चांगदेवला पहिले काही दिवस वाटलं, आपण बरोबर केलं. मग वाटेनासं झालं. पण कट्टा रिकामा दिसायचा तेव्हा तो दुसरीकडं बघायचा.

हुरड्याच्या दिवसांत सायली आली. सोबत घरच्या ज्वारीचा हुरडा, सरूबाईनं काकूंसाठी दिलेला. चहा झाला, गौतमीच्या फोटोकडं बघून झालं, तरी ती मूळ गोष्टीवर येईना. शेवटी कपाकडं बघतच बोलली.

"काका, मी आधीच यायला पाहिजे होतं. पण दुखवट्याच्या घरात दगड मागायला जायचं कसं, म्हणून पाय उचलत नव्हता. सरांनी ठरवलंय, गौतमीचं काम अर्धवट ठेवायचं नाही. बाकी सगळ्या शिखरांचे दगड तिनं स्वतः कापून तपासून ठेवलेत. तेवढं बागलाणचं राहिलंय. ते मी करीन. छापून येईल ते तिच्याच नावानं, तिचं नाव पहिलं. वरचा लाव्हा सगळीकडं एकच होता असं ती म्हणायची ना, ते या शेवटच्या दगडांवर ठरणार आहे." मग तिनं वर बघितलं. "दगड कुठं ठेवलेत?"

मग आक्काबाई पुढं झाली.

"मी टाकलं गं," ती म्हणाली. "दिवाळीला घर झाडाय काढलं, तवा अडाणीपणानं कचऱ्यासंगं टाकलं. मला काय कळतंय त्यातलं."

दसऱ्यापासून जी बाई त्याच्याशी धड शब्द बोलली नव्हती, ती त्याचं पाप आपल्या पदरात घेत होती.

"खोटं बोलू नगंस, आक्का," तो म्हणाला. "सायली, ती दगडं मी भीमेत सोडली. हिच्या जिवाला लागलं व्हतं, तरी सोडली. सगळी."

सायलीला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती त्याच्यावर रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं, पण ती रागावली नाही. "पिशव्या?" एवढंच तिनं विचारलं. चांगदेवनं पेटीतून पिशव्या काढून दिल्या. सायली एकेक उलगडून वाचत गेली. टोकाखालचा कडा. त्याखालची मोडलेली पायरी. खिंडीच्या वरची बाजू. प्रत्येकीवर उंची. अक्षर घाईचं, पावसात लिहिलेलं, कुठं कुठं फुटलेलं. वाचता वाचता तिनं एक पिशवी तोंडाला लावली आणि मोठ्यानं रडायला लागली. "मीच उशीर केला, काकू. दिवाळीच्या आधी आले असते तर..." आक्काबाई तिच्याजवळ जाऊन बसली. दिवाळीच्या आधी आली असती तरी दगड नव्हतेच, हे तिला सांगायचा धीर कुणालाच झाला नाही.

दुसऱ्या सकाळी चांगदेव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून भीमेत उतरला. पाणी ओसरलं होतं, गारठा मी म्हणत होता. त्याला वाटलं, सोपं आहे. नदीतले दगड वाहून वाहून गोटे झालेले असतात, लेकीचे हातोड्यानं फोडलेले, धारेचे. बोटांना लागलेच पाहिजेत. त्यानं पाण्यात हात घातला आणि पहिलाच धारेचा दगड हाताला लागला. दुसरा लागला. तिसरा लागला. मग त्यानं वर बघितलं. वर रेल्वेचा पूल होता. वर्षानुवर्षं पुलावरच्या लाइनीवरून सांडलेली, दुरुस्तीच्या वेळी लोटून दिलेली खडी खाली पाण्यात पडली होती. फोडलेली, धारेची, काळी. त्यानंच कधी काळी फावड्यानं ओढलेली. लेकीचे दगड बापाच्या खडीत मिसळले होते आणि बापाला ते ओळखू येत नव्हते.

तरी तो रोज जायचा. जरा मोठे, जरा वेगळे वाटतील ते घमेल्यात घालून आणायचा. सायली पुन्हा आली तेव्हा त्यानं ते तिच्यापुढं मांडले. त्याच्या हातांना उन्हाळ्यात रानाला पडाव्यात तशा भेगा पडल्या होत्या. सायलीनं प्रत्येक दगड उचलून, भिंग लावून बघितला. ती खोटं बोलू शकली असती. पण गौतमीच्या कामात खोटं चाललं नसतं.

"नाही सांगता येत, काका," ती म्हणाली. "यातला एखादा तिचा असेलही. पण कुठल्या पिशवीतला, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पाण्यात जाऊ नका तुम्ही."

"मग ह्ये असंच राहायचं?"

"मी परत वर जाते. पिशव्यांवर जागा लिहिल्यात, तिनं नेलेला वाटाड्याही आहे. सरांशी बोलते."

"मी येतो."

दुरून डोंगर साजरे, हे रेल्वेच्या सपाटीवर जन्म गेलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. त्यातून त्याचे गुडघे पाण्यानं आखडलेले. महेंद्र म्हणाला, "पप्पा, तुमच्यानं न्हाई व्हायचं." चांगदेव म्हणाला, "टाकली मी, तर आणायला बी मीच जाणार." त्याच्या सरळपणापुढं कुणाचं काही चाललं नाही. महेंद्रनं दोन सुट्ट्या टाकल्या, मित्राची गाडी आणली. निघताना आक्काबाईनं सायलीच्या हातात कोऱ्या पिशव्या ठेवल्या. चांगदेवच्या शेवटच्या शर्टाच्या होत्या. कधी शिवल्या, कुणाला कळलं नव्हतं.

वाटाड्या शंभू पन्नाशीचा, अबोल माणूस. गौतमी गेली हे त्याला सायलीनं फोनवर सांगितलं होतं. चांगदेवला बघून त्यानं नुसते हात जोडले आणि चालायला लागला. चढताना पहिल्या टप्प्यावर थांबून म्हणाला, "इथं बसून ताईनं डबा खाल्ला. मला बी दिला. मेथीची भाजी होती." ती मेथी आक्काबाईनं पहाटे उठून केली होती, चांगदेवला आठवलं. खिंडीवर सायलीनं पिशवी वाचून कडा शोधला, दगड काढला. मोडलेल्या पायरीशी काढला. चांगदेव दर दहा पावलांना थांबत, कधी महेंद्रच्या खांद्याला धरून, कधी हातावर रेलून चढत राहिला. टोकाखालच्या कड्याशी पोहोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

सगळा कडा तांबूस, उन्हापावसानं गंजल्यासारखा. त्यात छातीच्या उंचीवर तळहाताएवढी एक जागा काळीशार, स्वच्छ, धारेची. कुणीतरी हातोड्यानं तिथून एक तुकडा काढून नेला होता.

कुणी सांगायची गरज नव्हती. चांगदेवनं त्या जागेवर हात ठेवला. तो बरोबर मावला. हातोड्याचा पहिला घाव चुकून घसरला होता, त्याचा पांढरा ओरखडा उठला होता, मग दुसरा घाव नेमका बसला होता. पावसात, एका हातानं सॅक सावरत मारलेला. आणि इतके महिने जे आत अडून राहिलं होतं, ते त्या कड्यापाशी फुटलं. तो कपाळ दगडाला लावून रडला. दगडाला कपाळ टेकतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

त्यानं डोळे पुसल्यावर सायली हळूच म्हणाली, "काका, दगड इथलाच घ्यावा लागेल. ताजा भाग आहे, इथंच पुढं फोडला तर सोपं जाईल."

"न्हाई," चांगदेव म्हणाला. "ह्या जागंला हात लावू नगंस. ही तिची हाय. ह्याच थरातलं पलीकडनं काढ."

पलीकडचा कडा चिवट होता. सायलीनं दोन-चार घाव घातले, मग हातोडा त्याच्यापुढं धरला. चांगदेवनं तो घेतला, हातात तोलला आणि घातला. तुकडा निघाला. सायलीनं तिथंच, कोरड्या दगडावर, मार्करनं नंबर टाकला आणि फुंकर मारून वाळू दिला. पिशवीत घालायच्या आधी चांगदेवनं तो नंबर वाचून बघितला.

"ही खूण किती दिस राहील अशी?" त्यानं विचारलं.

"पावसानं गंजत जाईल हळूहळू. काही वर्षांत बाकीच्या कड्यासारखीच होईल."

उतरताना चांगदेव सारखा मागं वळून बघत होता. दोनदा ठेचकाळला. महेंद्र म्हणाला, "पप्पा, खाली बघून चला." तो हो म्हणायचा आणि पुन्हा वळायचा, कडा दिसेनासा झाला तरी.

दगड सायलीबरोबर पुण्याला गेले. दोघं बापलेक दौंडला आले तेव्हा आक्काबाई दारातच बसली होती. तिनं पाणी दिलं. कामापुरतं बोलायचं तिनं ठरवलेलं, पण राहवलं नाही.

"काय दिसलं का तिथं?"

चांगदेवनं उजवा हात पुढं केला, पंजा उघडला.

"एवढी जागा हाय," तो म्हणाला. "तिनं तिथला दगड काढून ह्या घरात आणला व्हता, आक्का. तुझ्याजवळ आणून ठेवला व्हता. त्यो मी टाकून दिला."

आक्काबाईनं त्या उघड्या पंजाकडं बघितलं. मग स्वतःच्या दोन्ही हातांनी तो मिटवला आणि तसाच धरून बसली.